काट्याची खोली

सेलूच्या बंद जिनिंगमधली काट्याची खोली
हाच आमचा क्लब.
खिडकीच्या जाळीत अजून कापसाची बोंडं अडकलेली,
अन् काटा रिकामा असला तरी दाखवतो चार किलो.
हे चार किलो कुणाचे,
यावरून दिवाळीपासून भांडण चालू आहे.

मी स्कोअर लिहितो. गुडघा गेला तेव्हा डख सरांनी
हातातली बॅट काढून घेतली, वही दिली.
म्हणाले, आता पेन्सिलनं खेळ.

मुनीर तांबोळी कॅचर.
दिवसभर पानाच्या ठेल्यावर उकिडवा,
संध्याकाळी प्लेटमागं उकिडवा.
मास्कच्या आतून बॅटरला हळूच म्हणतो,
"भाऊ, तुमचे मागचे सत्तर राहिले."
पोरगं हमखास हवेत बॅट फिरवतं.

केरबा खंदारे पिचर.
सामन्याच्या दिवशी तोंड उघडत नाही,
डावा मोजा उलटा घालतो.
एकदा जिंतूरला सुलटा घातला तर सात रन गेले.
तेव्हापासून त्याच्या आईनं
तो मोजा धुणंच सोडलं.

गिराम बंधूंचा बांधावरून दोन वर्षं अबोला.
एक शॉर्टस्टॉपला, एक दुसऱ्या बेसवर.
चेंडू मात्र एकमेकांना
न बघता देतात.

अन् लक्ष्मीकांत काबरा,
सगळ्यांत महाग ग्लोव्ह,
अजून दुकानाचा वास न गेलेला.
बाकावर बसतो, चहाचे पैसे देतो,
अन् कुणी आऊट झालं की
त्याच्यासारखं खरं दुःख कुणालाच होत नाही.

ज्वारी गुडघ्याला होती तेव्हा हंगाम सुरू झाला.
पाथरी, मानवत, जिंतूर, सगळे घेतले.
चौकातला न्हावी आमची दाढी फुकट करायला लागला.
मग पूर्णेला हरलो.
गंगाखेडला हरलो.
परभणीला तर सातव्या डावातच
पंचानं हात झटकले, जा म्हणाला घरी.
न्हाव्यानं मागच्या दाढ्यांचा हिशेब काढला.

केरबा पोलीस भरतीचा गोळा टाकून आला,
त्याच खांद्याला बर्फ बांधून उभा राहिला
अन् उभाच राहिला.
मुनीर बसल्या जागेवरून ओरडायचा,
"कामून घाबरायलास? मी हाय ना इकडं."
हुरड्याच्या दिवसांत चार सामने ओळीनं जिंकलो.
कसे, ते वहीतही नीट दिसत नाही.
पेन्सिल तेव्हा घाईत होती.

फायनल आपल्याच मैदानावर.
शेवटचा डाव, दोन आऊट, आपण एका रननं पुढं.
तिसऱ्या बेसवर सिद्धोधन वाव्हळे,
हंगामभर ज्याच्या पायातून वारा गेला असेल,
चेंडू नाही.
चेंडू आला. सरळ, मऊ, शाळकरी.
अन् गेला.
दोघं घरी पोचले.

खोलीत पंख्याचाच आवाज.
वही माझ्या मांडीवर, चौकट रिकामी.
हिट लिहायची की चूक,
हे मैदानात फक्त माझ्या हातात असतं.
मुनीर म्हणाला, "ढेकूळ होतं तिथं. हिट लिही."
"हिटच," गिराम म्हणाला.
"हिटच," दुसरा गिराम म्हणाला,
अन् दोघं एकमेकांकडं बघून
पुन्हा भिंतीकडं बघायला लागले.

डख सर काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

सिद्धोधन जवळ आला.
"ढेकूळ नव्हतं, दादा. चूक लिहा.
नाहीतर मागचं जे बरोबर लिहिलंय
ते पण कोण खरं मानंल?"
मी लिहिलं.
पेन्सिल जरा जोरातच दाबली गेली,
पुढच्या पानावर वळ उठला.

मग तो काट्यावर चढला. बासष्ट.
"चार वजा कर बे," मुनीर म्हणाला.
"राहू दे," तो म्हणाला, "आज माझेच धर."

लक्ष्मीकांत चहा सांगायला गेला.
चौकात न्हाव्याचं दुकान
अजून उघडं होतं.